शेक, पट्टा आणि कापसाची ओटी

दिवाळीच्या मागेपुढे खानदेशात शिरपूर, चोपडा, अमळनेर या भागात सकाळचं दव वाळल्यावर कुठल्याही शिवारात डोकावा, कापसाच्या ओळींतून आधी दिसतात त्या वाकलेल्या पाठी. वेचणाऱ्या बाईच्या पोटाशी ओटी बांधलेली असते. बोंडातून कापूस ओढायचा, ओटीत टाकायचा, पुढच्या झाडाकडे सरकायचं. वरची बोंडं उभ्याने निघतात, खालच्यांसाठी कमरेत वाकावंच लागतं. मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे मध्येच थांबून कंबर सरळ करायला कोणाला परवडतं? संध्याकाळी गाठोडं काट्यावर ठेवताना मग ऐकू येतं, “माय वं, कंबर भलती दुखस.”

या वाकण्याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. पन्नास किलो वजनाच्या बाईच्या शरीराचा निम्मा भार, म्हणजे साधारण २५ किलो, कमरेच्या वर असतो. ती पुढे वाकली की हा भार कमरेच्या सांध्यापासून अंदाजे २५ सेंटिमीटर पुढे जातो. त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र मणक्याला चिकटून, जेमतेम ५ सेंटिमीटर मागे असतात. तरफेच्या नियमाने त्यांना पाचपट ओढावं लागतं, म्हणजे सुमारे १२५ किलो. ओटीत पाचेक किलो कापूस साठला की त्यात आणखी पंचवीस-तीस किलोंची भर. ओटी भरभरून जड होईपर्यंत न थांबता लवकर रिकामी करणं एवढ्या एका बदलाने बराच ताण वाचतो.

आकडे ऐकून घाबरायला नको. निरोगी कमरेचा मणका याच्या तिप्पट-चौपट दाबही पेलतो. एकदा वाकल्याने काही बिघडत नाही. त्रास होतो तो तासन्‌तास त्याच स्थितीत राहिल्याने. माणूस पूर्ण खाली वाकून राहिला की पाठीचे स्नायू जवळजवळ काम थांबवतात आणि भार मागच्या अस्थिबंधांवर, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर येतो. हे अस्थिबंध ताणाखाली हळूहळू लांबतात, सैल पडतात. वीस मिनिटं पूर्ण वाकून बसलेल्या लोकांवर १९९२ मध्ये झालेल्या एका प्रयोगात दिसलं, की ताठ झाल्यावर दोन मिनिटांत निम्मा सैलपणा जातो, पण उरलेला अर्ध्या तासानेही पुरता गेलेला नसतो. नेमक्या या सैल अवस्थेत आपण काय करतो? दोन तास वेचून झाल्यावर झटक्यात वाकून गाठोडं उचलतो. चमक भरते ती तेव्हा. आधी उभं राहून, दोन्ही हात कमरेवर ठेवून चार-पाच वेळा मागे झुकावं, मिनिट-दोन मिनिटं चालावं, मग गाठोड्याला हात घालावा.

पहाटेचंही तसंच. दोन मणक्यांमधली गादी रात्रभर आडवं असताना पाणी शोषून फुगते. म्हणून सकाळी आपली उंची एक-दोन सेंटिमीटरने जास्त भरते आणि दिवसभरात ते पाणी दबून निघून जातं. फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. आपल्याकडे नळाला पाणी नेमकं पहाटे येतं आणि अंथरुणातून उठल्या उठल्या हंडे-बादल्या उचलाव्या लागतात, याला काय म्हणावं! निदान दुखणं चालू आहे तोवर ते काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करावं. पुरुषांनी केलं तरी चालतं.

कंबर धरली की आपल्याकडचे उपचार ठरलेले आहेत. गरम विटेचा शेक, चोळणं, आणि पायाळू माणसाकडून पाठीत लाथ. लाथेने बरं वाटलेले लोक खरोखर भेटतात. नुकतीच धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, त्यामुळे सगळ्यात शेवटी जे केलं असेल त्याला श्रेय जातं. लाथेला मिळतं तसंच इंजेक्शनलाही मिळतं आणि फिजिओथेरपीलाही.

डॉक्टरही पूर्वी पंधरा-पंधरा दिवस फळीवर झोपायला सांगत. १९८६ मध्ये अमेरिकेत दोन दिवसांची आणि सात दिवसांची विश्रांती यांची तुलना झाली. सात दिवस झोपलेले जास्त बरे झाले नाहीत, त्यांचे कामाचे दिवस तेवढे जास्त बुडाले. पुढे १९९५ मध्ये फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांचे तीन गट केले गेले: एक झोपून राहणारा, एक व्यायाम करणारा आणि एक जमेल तेवढी रोजची कामं करत राहणारा. सर्वांत लवकर सावरला तो तिसरा गट. व्यायामवालेही मागे पडले. म्हणजे कंबर धरल्याच्या दुसऱ्याच दिवशी व्यायामाचा मारा करण्यात अर्थ नाही. तेव्हा हिंडतं-फिरतं राहणं पुरतं. व्यायामाचं काम पुढे आहे.

मग तालुक्याला जाणं होतं, एमआरआय होतो आणि अहवालात ‘एल-चार, एल-पाच’ (कमरेचा चौथा आणि पाचवा मणका) येतं. घरी येऊन सांगायचं, मणक्यात गॅप आहे. त्या दिवसापासून माणूस वाकायलाच घाबरतो. खरं तर १९९४ मध्ये अमेरिकेत कंबरदुखी अजिबात नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले होते. निम्म्याहून जास्त जणांची निदान एक गादी कडेने बाहेर फुगलेली निघाली. २०१५ मध्ये अशा तीन हजारांवर धडधाकट लोकांची माहिती एकत्र केली गेली. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली, ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांत. गादी खरोखर बाहेर आली असली तरी शरीर तो भाग पुष्कळदा स्वतःच शोषून घेतं. एमआरआय निरुपयोगी नाही. पण माणसाला तपासल्याशिवाय नुसत्या फिल्मवरून आयुष्याचा निकाल लावणं चूक आहे.

आता शेकाकडे येऊ. आपल्याकडे फिजिओथेरपीला सरळ ‘शेक घेणं’ म्हणतात. दहा दिवसांचा शेक. पालथं झोपवायचं, मशीन लावायचं, करंट द्यायचा, वजन लावायचं, पट्टा बांधायचा आणि उद्या याच वेळेला या म्हणायचं. करंटने बरं वाटतं हे खोटं नाही. मेलझॅक आणि वॉल या वेदनेच्या दोन संशोधकांनी १९६५ मध्ये त्याचं कारण मांडलं. स्पर्शाचे, मुंग्यांचे संदेश पाठीच्या कण्यात पोचले की वेदनेच्या संदेशांची वाट काही काळ अडते. ठेच लागल्यावर आपण अंगठा चोळतो तो याचसाठी. मशीन काढलं की वाट पुन्हा मोकळी. उबेने स्नायू सैल होतात, तेही तात्पुरते. (मे महिन्यात भुसावळात पारा ४५ च्या पुढे जातो. शेकाने मणके सुधारत असते तर तिथे कोणाची कंबर दुखलीच नसती.) जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. व्यायाम, रुग्णाला नीट समजावून सांगणं, काही प्रमाणात हाताने केलेले उपचार आणि मालीश यांना त्यात होकार आहे. पट्टे, वजन लावणं, अल्ट्रासाउंडचं मशीन आणि करंट यांना नकार आहे. म्हणजे आपल्याकडे ज्यासाठी पैसे मोजले जातात ती बहुतेक यादी नकाराच्या बाजूला पडते.

यात एकट्या फिजिओथेरपिस्टला दोष देता येत नाही. मशीन न लावता नुसता अर्धा तास तपासलं, बोललं आणि तीन व्यायाम शिकवले, तर “काहीच केलं नाही” म्हणून पेशंट दुसरीकडे जातो.

चांगली तपासणी कशी असते ते पाहू. समजा, रावेरकडचे केळीचे घड वाहणारे एक काका आले आहेत. दुखणं कमरेतून उजव्या पोटरीपर्यंत उतरतं. समोरची फिजिओथेरपिस्ट मुलगी त्यांच्या नातवाच्या नाही तरी मुलीच्या वयाची. ती आधी फिल्म बघत नाही. “काका, कशाने वाढतं? बसल्यावर की चालल्यावर?” बसल्यावर. मोटारसायकलवर तर फारच. ती त्यांना पुढे वाकवते, पोटरीतली कळ वाढते. मग पालथं झोपवून म्हणते, “आता नुसत्या हातांवर छाती उचला, कंबर सैल सोडा.” असं दहा वेळा. “पायात काय म्हणतंय?” काका जरा थांबून सांगतात, “ताई, पायातलं कमी झालं, पण कंबरेत जास्त लागतंय.” काकांना वाटतं बिघडलं. तिला मात्र हवं होतं तेच मिळालेलं असतं. पायातली वेदना वर सरकून कमरेच्या मध्याशी गोळा होणं हे चांगलं लक्षण आहे, आणि कोणत्या दिशेच्या हालचालीने गुण येईल ते त्यावरून कळतं.

ही गोष्ट हाती लागली तीही अपघाताने. १९५६ मध्ये न्यूझीलंडमध्ये फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्या दवाखान्यात एक रुग्ण आधीच्या पेशंटसाठी वर उचलून ठेवलेल्या टेबलावर तसाच पालथा झोपला. कंबर चांगलीच मागे वाकली होती. मॅकेन्झींनी येऊन पाहिलं आणि ते धास्तावले, कारण त्या काळी ही स्थिती घातक समजत. पण कित्येक आठवड्यांची त्या माणसाची पायातली कळ गेली होती. अर्थात मागे वाकणं सगळ्यांना मानवत नाही. म्हातारपणी मज्जारज्जूची नळी अरुंद झालेल्यांना उलट पुढे झुकल्यावर, बसल्यावर आराम मिळतो. म्हणून मोबाइलवर आलेला ‘कंबरदुखीचा रामबाण व्यायाम’ शेजारच्या आप्पांना लागू पडला, तर नानांना त्याचा त्रास होऊ शकतो.

दुखणं थांबलं की सगळे व्यायाम सोडतात. मणक्यांना अगदी लगटून बारीक स्नायू असतात, एकेका मणक्याला जागेवर आवरून धरणारे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधक ज्युली हाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की कंबर धरल्यावर दुखऱ्या बाजूचे हे स्नायू बारीक होतात आणि वेदना गेली तरी आपोआप भरून येत नाहीत. त्यांनी पहिल्यांदाच कंबर धरलेल्या ३९ जणांपैकी काहींना या स्नायूंचे व्यायाम दिले. वर्षभरात पुन्हा दुखणं आलं ते व्यायामवाल्यांपैकी ३० टक्क्यांना, इतरांपैकी ८४ टक्क्यांना. अभ्यास छोटा आहे, पण फरक मोठा आहे.

व्यायाम साधे असतात. रांगायच्या स्थितीत डावा हात आणि उजवा पाय उचलून पाच-सहा आकडे थांबायचं, मग बाजू बदलायची. उताणं झोपून, गुडघे उभे करून कंबर वर उचलायची. आणि उचलायचं शिकायचं: बादली अंगाशी ओढून, कमरेऐवजी मांड्यांच्या सांध्यातून वाकत, आधी पाव बादली, काही दिवसांनी अर्धी, मग पूर्ण. “जन्मभर वजन उचलू नका” हा सल्ला घड वाहणाऱ्या माणसाला देऊन काय उपयोग? त्याला उचलता येईल इतका तयार करणं हे खरं काम. व्यायामाने थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर आलं तर चालतं. वाढलेलं राहिलं तर मात्रा कमी करायची.

मानेचं शास्त्र फार वेगळं नाही. डोकं साडेचार-पाच किलोंचं. जळगावच्या सराफ बाजारात दिवसभर मान घालून बसणारा कारागीर, नंदुरबारला मिरचीचे देठ खुडणारी बाई आणि मोबाइलवाला पोरगा या तिघांच्या मानेचे मागचे स्नायू ताणलेले राहतात आणि पुढचे खोलवरचे स्नायू आळसावतात. हनुवटी खाली न नेता सरळ मागे ओढायची, पाच आकडे धरायची, हा त्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम. गळपट्टा महिनोन्‌महिने लावला तर ते आणखी दुबळे होतात.

एक गैरसमज मात्र फार पसरलेला आहे: चक्कर आली की मानेचा मणका. कूस बदलताना किंवा वर बघताना घरभर गरगरत असेल, तर दोष बहुधा कानाच्या आत असतो. तिथले बारीक खडे जागा सोडून भलत्या नळीत शिरलेले असतात. डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते काही मिनिटांत परत नेता येतात. ही युक्ती जॉन एपली या डॉक्टरांच्या नावाने ओळखतात. अशा माणसाच्या मानेला वजन टांगून काय होणार?

काही दुखणी फिजिओथेरपिस्टकडे न्यायची नसतातच. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात गेलं पाहिजे, रात्र असली तरी. चालताना चप्पल नकळत पायातून निसटत असेल, तर पंजाची ताकद गेली आहे. बारीक ताप, रात्रीचा घाम, घटतं वजन आणि झोपेतही न थांबणारी पाठदुखी यांत मणक्याचा क्षय असू शकतो. तो औषधांनी बरा होतो, पण शेक घेत महिने घालवले तर मणका खचतो. पूर्वी कर्करोग झालेल्यांनी आणि पडल्यानंतर कंबर धरलेल्या म्हाताऱ्या बायकांनीही आधी डॉक्टर गाठावा.

बाकीच्यांना रोज एसटीने तालुक्याला जाऊन रोज बुडवायची गरज नाही. पहिल्यांदा नीट तपासणी, आठ-दहा दिवसांनी व्यायाम बरोबर होतोय का ते दाखवायला एक फेरी, महिन्याने आणखी एक. उरलेलं घरी, सतरंजीवर. स्नायूंना ताकद धरायला सहा-आठ आठवडे लागतात, आणि ऐन वेचणीत ते कोणाकडूनही होत नाही. पोळा ते दसरा सुमारे चाळीस दिवस असतात. निंदणी उरकत आलेली असते, बोंडं अजून फुटायची असतात. ज्यांची कंबर गेल्या हंगामात धरली होती, त्यांनी बैल धुवून झाले की दुसऱ्या दिवशी सतरंजी टाकावी.