गाजरगवताखालची माती

श्रावण सरला की वेताळ टेकडीच्या पायवाटेला गाजरगवत कमरेला लागतं. बुंध्याशी बसून पाहिलं तर खाली दुसरं रोप क्वचितच. ऊन आणि जागा त्यानेच खाल्लेली असते. शिवाय मातीतही ते काही सोडतं.

अक्रोडाची सावली इतर झाडांना बाधते, हे रोमन लेखक प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच लिहून ठेवलं होतं. एका वनस्पतीने सोडलेल्या रसायनांनी दुसरीची वाढ रोखण्याच्या या प्रकाराला 'अ‍ॅलेलोपॅथी' हे नाव मात्र 1937 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी दिलं.

गाजरगवत मूळचं अमेरिका खंडातलं. स्वतंत्र भारतातली त्याची गाजलेली नोंद पुण्याची, 1956 सालची. अमेरिकेशी पीएल-480 या तिथल्या धान्यमदतीच्या कायद्याखाली गव्हाचा करार झाला तोही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. त्यामुळे 'रेशनच्या गव्हातून आलं' ही गोष्ट घरोघर रुजली आणि काँग्रेस गवत हे नाव चिकटलं. मला ती गोष्ट अर्धीच पटते. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांच्या कलकत्त्याच्या बागेच्या 1814 च्या यादीत ही वनस्पती आहे. गव्हाने पसरवलं असेल, पण पहिल्यांदा आणलं ते गव्हाने नव्हे.

त्याच्या पानाफुलांवरच्या बारीक लवेत पार्थेनिन हे विषारी रसायन असतं. पावसाने ते धुपतं, कुजणाऱ्या पाल्यातून झिरपतं. फेरुलिक, कॅफिक अशी आम्लंही सोबत असतात. दोन बशांत टिपकागद घालून मूग टाका. एकीत साधं पाणी, दुसरीत वाटलेल्या पाल्याचं (हातमोजे घाला, नाहीतर अंगाला खाज सुटेल). पहिल्या बशीतले मोड लांब, पांढरे. दुसरीत काही दाणे नुसते फुगतात. मोड आलेच तर आखूड आणि टोकाशी तपकिरी. अंकुरापेक्षा मुळाचं नुकसान जास्त.

पण बशी म्हणजे शेत नव्हे. वाटलेला अर्क जहाल असतो, तर मातीतले जीवाणू पार्थेनिन हळूहळू मोडून टाकतात. शेतातली किती रोपं रसायनाने मेली आणि किती सावलीने, हे वेगळं काढणं अवघडच.

पुढे हीच युक्ती गाजरगवतावर उलटवली गेली. टाकळ्याच्या भाईबंदांतलं एक कॅशिया मुद्दाम पसरवण्यात आलं. त्याच्या पाल्याचं पाणी गाजरगवताचं बी रुजू देत नाही. तेही अमेरिकेतूनच आलेलं. आता पुण्याच्या टेकड्यांवर त्याच्याही शेंगा वाजतात.