डिस्क बिघडते तेव्हा भरपाई कशाची?

नव्वदच्या दशकात ज्यांनी डीटीपीची, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायची कामं केली, त्यांना झिप डिस्क आठवत असेल. फ्लॉपीहून थोडी जाड, पण एकीत १०० एमबी मावायचे, म्हणजे जवळजवळ सत्तर फ्लॉपींचा ऐवज. दिवाळी अंकाची पानं फिल्म काढायला न्यायची तर मला तीच सोयीची वाटायची. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या आयोमेगा कंपनीने १९९५ च्या सुमारास हा ड्राइव्ह बाजारात आणला आणि तो धडाक्याने खपला.

मग काही ड्राइव्हमधून टक्-टक् आवाज येऊ लागला. डिस्क वाचता आली नाही की ड्राइव्ह आपली चिमुकली हेड्स, म्हणजे डिस्क वाचणारी-लिहिणारी टोकं, मागे ओढून घ्यायचा आणि पुन्हा आत पाठवायचा. तोच हा आवाज. लोकांनी त्याला ‘क्लिक ऑफ डेथ’ नाव दिलं. खरी भीती मात्र पुढे होती. हेड जागेवरून हललं असेल तर ते आतल्या लवचिक चकतीची कड फाडायचं, आणि ती फाटकी कड पुढच्या ड्राइव्हचं हेड निकामी करायची. डिस्क चालेना म्हटल्यावर माणूस काय करतो? शेजारच्या मशीनमध्ये घालून बघतो. इथे तेच नडायचं. स्टीव्ह गिब्सन या अमेरिकी प्रोग्रॅमरने १९९८ मध्ये या बिघाडाची तपासणी करणारा प्रोग्रॅम फुकट उपलब्ध करून दिला.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात ग्राहकांनी आयोमेगावर सामूहिक दावा ठोकला. कंपनीने वॉरंटीची जबाबदारी नाकारणारा मजकूर खोक्याच्या आत ठेवला होता, म्हणजे पैसे मोजून खोकं फोडल्यावर वाचायचा. तरीही १९९९ मध्ये कोर्टाने तो ग्राहकांवर बंधनकारक धरला. मला हा निर्णय आजही अन्यायाचा वाटतो. २००१ मध्ये तडजोड झाली आणि ग्राहकांच्या हाती पडली ती त्याच कंपनीच्या पुढच्या खरेदीवर सूट.

याच सुमारास टेक्सासमधल्या ब्यूमाँट इथे अगदी उलट प्रकार घडला. तोशिबाच्या लॅपटॉपमधल्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये, म्हणजे फ्लॉपीवरचं लिहिणं-वाचणं सांभाळणाऱ्या चिपमध्ये, एक बारीक दोष होता: सेक्टरचा, म्हणजे फ्लॉपीवरच्या एका कप्प्याचा, शेवटचा बाइट पोचायला उशीर झाला, तर चूक झाल्याचं कंट्रोलरला कळायचंच नाही आणि चुकीचा मजकूर गुपचूप लिहिला जायचा. वादींनी यासाठी संगणकांत घुसखोरी करणाऱ्यांविरुद्धच्या कायद्याचा आधार घेतला. कुणाचा डेटा खरोखर गेल्याचं सिद्ध झालं नव्हतं, कंपनीने चूकही कबूल केली नाही. तरी १९९९ मध्ये सुमारे २.१ अब्ज डॉलरची तडजोड झाली आणि सुमारे ५० लाख लॅपटॉप तिच्या कक्षेत आले. ज्यांची पानं गेली त्यांना सवलत, आणि ज्यांचं काही गेल्याचं सिद्ध झालं नाही त्यांच्यासाठी अब्जावधी!

आयबीएमचं प्रकरण या दोन्हींच्या मधलं. २००० साली आलेल्या डेस्कस्टार ७५जीएक्सपी हार्ड डिस्क इतक्या बंद पडू लागल्या की त्यांना ‘डेथस्टार’ हे नाव चिकटलं. त्यांच्या चकत्या काचेच्या होत्या. बिघडलेल्या काही डिस्क उघडल्यावर चकतीवरचा चुंबकीय थर खरवडून गेलेला आणि खालची काच उघडी पडलेली दिसायची. त्या थरातच माणसाच्या फायली असतात. २००१ मध्ये कॅलिफोर्नियात दावा झाला आणि २००५ मध्ये पात्र ग्राहकांना १०० डॉलरपर्यंत द्यायचं ठरलं. तोवर आयबीएमने हार्ड डिस्कचा धंदा हिताचीला विकूनही टाकला होता.

या खटल्यांमध्ये ग्राहकाची अडचण एकच असायची. माझी डिस्क गेली हे दाखवता येतं. पण हे मॉडेलच सदोष आहे हे कसं दाखवायचं? बिघाडाचे आकडे कंपनीच्या कपाटात असतात. बॅकब्लेझ या डेटा साठवणाऱ्या कंपनीने २०१४ पासून आपल्याकडच्या हजारो डिस्कचे आकडे मॉडेलवार जाहीर करायला सुरुवात केली, हे मी मोठं काम मानतो. सीगेटच्या ३ टीबी डिस्कवर २०१६ मध्ये झालेल्या दाव्यात याच आकड्यांचा आधार घेतला गेला.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादकाच्या दायित्वावर स्वतंत्र प्रकरण दिलं. सदोष वस्तू बदलून किंवा पैसे परत मागण्याचा हक्क आहेच. दायित्वासाठी मात्र ‘हानी’ची जी व्याख्या केली आहे, तिच्यातून खुद्द वस्तूचं नुकसान वगळलं आहे, आणि व्यापारी किंवा आर्थिक तोटाही. इतर मालमत्तेचं नुकसान तिच्यात धरलं आहे. डेटा हा शब्द त्या व्याख्येत कुठेच नाही.