तारांशिवाय उभी डोलकाठी

शिडाच्या होडीचं चित्र काढायला सांगितलं, की बहुतेक जण एक उंच डोलकाठी आणि तिच्या मागेपुढे दोन त्रिकोणी शिडं काढतात. तारा कुणी काढत नाही. प्रत्यक्ष होडीवर पाऊल ठेवलं, की पहिल्यांदा हाताला लागतात त्या ताराच. डोलकाठीच्या वरच्या भागापासून डेकच्या कडांपर्यंत ताणून बसवलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पोलादी तारा.

त्यांच्यावर किती ओढ येते, याचा हिशेब कागदावर सहज करता येतो. होडीचं वजन 5 टन आहे आणि वाऱ्याने ती एका अंगावर कलली आहे, असं धरू. तिला पुन्हा सरळ करू पाहणाऱ्या बलाची भुजा 30 सेंटीमीटर आहे. म्हणजे दीड टन-मीटरचा आघूर्ण (बल गुणिले भुजा, म्हणजे फिरवू पाहणारा जोर) झाला. तार डोलकाठीपासून सव्वा मीटरवर डेकला बांधलेली असेल, तर वाऱ्याकडच्या बाजूला सुमारे 1.2 टन ओढ येणार. तेवढ्याच बलाने डोलकाठी खाली दाबली जाते, शिवाय तारा आधीच ताणून बसवलेल्या असतात तो ताण वेगळा. थोडक्यात, डोलकाठी होडीचा तळ खाली ढकलत असते आणि तारा तिच्या कडा वर उचलू पाहत असतात. ज्या घरात आपण झोपतो, त्या घरावर ही ओढाताण दिवसरात्र चालू असते.

या साखळीतली एक कडी तुटली, तरी सगळी डोलकाठी आडवी होऊ शकते. स्टेनलेस पोलाद गंजत नाही ते त्याच्या पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे, आणि हा थर खरवडला तर पुन्हा तयार व्हायला ऑक्सिजन लागतो. तारेचं टोक जिथे धातूच्या टोपणात दाबून बसवलेलं असतं, तिथे खारं पाणी साचतं आणि हवा पोहोचत नाही. बाहेरून लख्ख चमकणारी तार आतून खचत जाते. म्हणूनच लांबच्या सफरी करणारे अनेक होडीमालक दहा-एक वर्षांनी सगळ्या तारा बदलून टाकतात.

हा सगळा जाच एका झटक्यात काढून टाकणारी रचना चिनी जहाजांवर शतकानुशतकं वापरात होती. तिला जंक शीड म्हणतात. तिची डोलकाठी डेकमधून आरपार खाली जाते आणि तळाशी पक्की बसते. आधार फक्त दोन ठिकाणी, डेकच्या भोकाशी आणि पायथ्याशी. झाडाचा बुंधा जमिनीत रुतलेला असतो तशी ही उभी राहते आणि वारा आला की वाकते. वाकवणारा आघूर्ण डेकपाशी सर्वांत जास्त असतो आणि टोकाकडे कमी होत जातो, म्हणून ती वर निमुळती केलेली चालते. इथे जाडीचं गणित मदतीला येतं. भरीव लाकडाचा व्यास 15 सेंटीमीटरवरून 18 केला, तर ताकद पावणेदोन पटीच्या आसपास जाते आणि ताठरपणा दुपटीहून थोडा अधिक होतो. दिव्यांच्या खांबांसाठी बनणारे निमुळते ॲल्युमिनिअमचे नळही काही मालकांनी डोलकाठी म्हणून उभे केले आहेत.

शीडही वेगळं असतं. आडव्या पट्ट्यांनी त्याचे सहा-सात कप्पे केलेले असतात आणि बहुतेक पट्ट्यांच्या मागच्या टोकाला दोर असतो. वाऱ्याचा जोर या दोरांमध्ये वाटला जातो, एका कोपऱ्यावर एकवटत नाही. त्यामुळे हलकं कापड पुरतं, ते घरी बसून शिवता येतं, आणि कुठे फाटलंच तर फाट सहसा पुढच्या पट्टीशी थांबते.

या रचनेची खरी किंमत कळते ती रात्री. दोन वाजता वाऱ्याचा सूर चढतो. 15 नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा 21 नॉटवर गेला, एवढंच झालेलं असतं. पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने तो जवळजवळ दुप्पट होतो. एरवी अशा वेळी कमरेला पट्टा अडकवून, हलत्या डेकवरून डोलकाठीपर्यंत जावं लागतं. जंक शिडाच्या होडीवर केबिनच्या दारातच उभं राहून शीड चढवण्याचा दोर सैल सोडायचा. वरचे कप्पे आपल्या वजनाने खाली येतात, सर्वांत खालचा कप्पा पाळण्यासारख्या बांधलेल्या दोरांमध्ये घडी होऊन बसतो. मग पट्टी खाली धरणारा दोर आणि शिडाचा दोर ओढून घट्ट करायचे. पट्ट्यांमुळे कापड फारसं फडफडत नाही. कोरड्या कपड्यांनी परत अंथरुणात. समुद्रावर थकव्यामुळे केवढ्या चुका होतात, हे ज्याने अनुभवलं आहे त्याला या झोपेचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

1960 साली इंग्लंडमधल्या प्लिमथहून न्यूयॉर्कपर्यंत एकट्याने होडी नेण्याची पहिली शर्यत झाली. तिची कल्पना मांडणारे ब्लाँडी हॅसलर स्वतःच ‘जेस्टर’ नावाच्या 25 फुटी होडीवर असं शीड लावून निघाले. फ्रान्सिस चिचेस्टर यांनी बऱ्याच मोठ्या होडीतून 40 दिवसांत शर्यत जिंकली. हॅसलर 48 दिवसांत दुसरे आले. त्या छोट्या होडीचा हा निकाल मला आजही थक्क करतो.

दोषही आहेत. कप्पे सपाट असतील, तर हवा शिडाच्या पुढच्या कडेशीच सुटी होते आणि वाऱ्याच्या तोंडावर चढताना होडी मागे पडते. आता कप्प्यांना शिवतानाच पोट देतात, त्याने बराच फरक पडतो. अशी होडी विकायला काढली, तर गिऱ्हाईक शोधावं लागतं. आणि दोर भरपूर असल्याने घर्षण हा रोजचा शत्रू: पट्टी डोलकाठीला जिथे घासते तिथे रंग उडून लाकूड उघडं पडतं, तिथे चामड्याचा तुकडा ठोकावा लागतो.

डेकच्या कडांना तारांचे पोलादी खिळपट्टे नाहीत, त्यामुळे त्यांच्या भोकांतून कपाटात ठिबकणारं पाणीही नाही. त्याऐवजी केबिनच्या मधोमध मांडीएवढा जाड खांब असतो. जेवताना पाठ त्यालाच टेकते. लाट आली की डेकच्या भोकातल्या पाचरा कुरकुरतात, आणि खांबावर तळहात ठेवला की वर शीड किती ओढतंय ते बाहेर न जाता कळतं.