चक्का गळेना: दह्याची तार मोजायची कशी?

पाडव्याला दोन दिवस उरले होते. दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी हाक मारली. रात्रभर टांगलेल्या पंच्यातून पाणी जेमतेम ठिबकलं होतं, आणि चमचा उचलला की दह्याची वीतभर तार लोंबत येत होती. ‘दुधात केमिकल घालतात हल्ली,’ काकू म्हणाल्या. आजींना विटाळाची शंका. विटाळ जिवाणूंना कळत नाही. ही समजूत घरातून जायलाच हवी.

तार काढतात ते विरजणातलेच जिवाणू. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, लॅक्टोकॉकस लॅक्टिस यांचे काही वाण ग्लुकोज, गॅलॅक्टोज, ऱ्हॅम्नोज अशा शर्करा जोडून लांबलचक साखळ्या, म्हणजे बहुशर्करा, पेशीबाहेर सोडतात. त्या पाणी धरून ठेवतात. योगर्टवाल्यांना हेच हवं असतं, चक्क्याला नेमकं हेच नडतं. (कुजका वास आला तर मात्र दही टाकून द्यावं.)

आता मोजणी. १९५६ साली ड्यूबॉइस आणि सहकाऱ्यांनी दिलेली रीत आजही चालते. नमुन्यात फिनॉल घालून वरून तीव्र सल्फ्युरिक आम्ल ओततात. नळी चटका बसेल इतकी तापते, साखळ्या तुटतात, सुट्या शर्करांमधलं पाणी निघून फरफ्युरलच्या जातीची संयुगं होतात आणि ती फिनॉलशी जुळली की नारिंगी-पिवळा रंग येतो. ४९० नॅनोमीटरचा प्रकाश त्यात किती शोषला जातो ते पाहून ग्लुकोजच्या ठरावीक द्रावणांशी ताडायचं.

गोम अशी, की लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, हीही हाच रंग देते. लिटरभर दह्यात बहुशर्करा बहुधा काहीशे मिलिग्रॅमच, आणि लॅक्टोज ३० ग्रॅमच्या वर! म्हणून खरी कसोटी आधीच्या सफाईत. ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्लानं प्रथिनं खाली बसवायची, वरच्या निवळीत थंडगार अल्कोहोल घालून बहुशर्करेचा पांढरा साका मिळवायचा, तो पाण्यात विरघळवून डायलिसिसच्या पिशवीत भरायचा. पिशवीची भोकं १२-१४ हजार रेणुभारापर्यंतचं बाहेर सोडतात. लॅक्टोजचा रेणुभार ३४२, तो निघून जातो. लाखांच्या घरातल्या साखळ्या आत राहतात. चक्क्याचा पंचाच, फक्त रेणूंच्या मापाचा. पाणी बदलत दोन-तीन दिवस लागतात.

तरी एक निसटतंच. पेशीला चिकटलेलं बहुशर्करेचं कवच पेशींबरोबर गाळात जातं. ते पाहायला काळी शाई: पेशीभोवती उजळ वलय दिसतं. काकूंच्या दह्याचा थेंब शाईत मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. वलय कुठेच नव्हतं. साखळ्या पेशी सोडून दह्यात पसरल्या होत्या, म्हणून तर तार. कवचवाल्या जिवाणूंचं दही बरेचदा तार धरतच नाही.

काकूंनी समोरच्या घरून विरजण आणलं. पाडव्याच्या पहाटे पंच्याखालचं पातेलं निम्मं भरलं होतं.