पार्श्वभूमी : वाइनची बाटली नाशिकच्या भट्टीत कशी आली

नाशिकमध्ये टाकाऊ काच भट्टीत जोडून ताटल्या, दिवे आणि खिडकीत टांगायची चित्रं करणारे आज जी काच वापरतात, ती मुख्यतः २००१ नंतरची देणगी आहे. त्या वर्षी राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. दिंडोरी, निफाड आणि गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनरी वाढल्या आणि ७५० मिलीची जाड बुडाची हिरवी बाटली शहरात सर्रास दिसू लागली. बियरची बाटली धुऊन पुन्हा भरली जाते, म्हणून तिला नगावर भाव मिळतो. वाइनच्या बाटलीला ही सोय फारशी नाही. ती बहुधा फुटक्या काचेत, वजनावर जाते. चांगली, स्वच्छ, एकाच रंगाची काच इतक्या स्वस्तात आणि इतक्या जवळ मिळणं हे नाशिकचं भाग्य आहे, आणि त्याचा उपयोग अजून पुरेसा झालेला नाही.

पद्धत मात्र फार जुनी. मेसोपोटेमियात आणि पुढे रोमन काळात काचेचे तुकडे साच्यावर मांडून, तापवून वाडगे करत. इ.स.पू. पहिल्या शतकात फुंकनळी आली आणि हे काम मागे पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये ते पुन्हा वर आलं. आपल्याकडे कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत आणि नेवाशाला उत्खननात काचेच्या बांगड्या निघाल्या. तळेगाव दाभाड्याला १९०८ साली पैशा-पैशाच्या वर्गणीतून काच कारखाना उभा राहिला, तर १९१६ साली कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीला, पुढे कंदिलांसाठी गाजलेला कारखाना. अशा कारखान्यांत फुटकी काच नव्या मालात मिसळणं नेहमीचंच असतं. दर १० टक्के फुटक्या काचेमागे भट्टीची ऊर्जा साधारण अडीच-तीन टक्के वाचते. घरगुती काम शक्य झालं ते विजेच्या छोट्या भट्टीमुळे. तापमान ठरावीक गतीने चढवणारा-उतरवणारा कंट्रोलर स्वस्त झाला. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे कॉइल, भट्टीच्या विटा आणि दुरुस्ती करणारे हात इथे शोधत फिरावं लागत नाही.

हे काम करणाऱ्यांमध्ये एक वाद आहे : बाटलीच्या काचेवर बाहेरून आणलेली रंगीत काच जोडायची की नाही?

याचं मूळ अमेरिकेत आहे. पोर्टलंडला १९७४ साली सुरू झालेल्या एका कारखान्याने पुढे एकमेकींशी जुळतात असं तपासूनच रंगीत काचा विकायला सुरुवात केली. त्या काचेला, ती तापल्यावर किती प्रसरते त्या आकड्यावरून, ‘९०’ म्हणू लागले. दुसऱ्या एका कारखान्याची ‘९६’ झाली. तो दुसरा कारखाना २०१६ साली बंद पडला, पण आकडा मागे राहिला. इथेही तो आकडा पाहून माल मागवला जातो आणि बाटलीची काच ‘८५ ते ९० च्या मध्ये कुठेतरी’ असल्याने चालेल, असं गृहीत धरलं जातं.

हिशेब मांडून बघावा. हा आकडा म्हणजे एका अंशाला होणारं प्रसरण, दर कोटी भागांत. पाच आकड्यांचा फरक, ३०० मिमीची ताटली आणि घट्ट झाल्यापासून गार होईपर्यंत ५०० अंशांची उतरण धरली, तर दोन थर एकमेकांपासून ०.०७५ मिमी वेगळे आकसू पाहतात. केसाच्या जाडीइतकंच, पण काच तेवढंही सोसत नाही. ताटली कधी भट्टीतच तडकते, कधी कपाटात ठेवल्यावर दोन महिन्यांनी. शिवाय हा आकडा साधारण ३०० अंशांपर्यंतच मोजलेला असतो. काच घट्ट होते त्याहून बरीच वर, आणि तिथे काचेचा दाटपणाही, म्हणजे ती किती सहज वाहते तेही, मध्ये येतो. ‘९०’ची काच ४८२ अंशांवर मुरवतात (ताण जावा म्हणून त्या तापमानाला धरून ठेवतात), बाटलीची साधारण ५५० च्या आसपास. म्हणजे आकडा जुळला तरी स्वभाव जुळेलच असं नाही. हिरव्या दोन बाटल्यासुद्धा वेगवेगळ्या कारखान्यांतल्या असल्या तर भरवसा धरू नये.

म्हणून एका वस्तूत एकाच बाटलीची काच, हा नियम पाळणाऱ्यांच्या बाजूने माझं मत आहे. ज्यांना मिसळायचंच आहे त्यांनी निदान एका काचेच्या पट्टीवर दुसऱ्या काचेचा तुकडा जोडून, एकमेकींना काटकोनात धरलेल्या दोन पोलरायझिंग फिल्मांमध्ये (एकाच दिशेचा उजेड जाऊ देणाऱ्या) धरून पाहावं. तुकड्याभोवती उजेडाचं कडं दिसलं तर ताण आहे. विक्रीला ठेवलेल्या ताटलीत कुणी जेवण वाढणार असतं. ही चाचणी टाळणं मला पटत नाही.

नियमाची किंमत आहे, हे खरं. बाटलीच्या काचेत चुना भरपूर, त्यामुळे ७०० ते ८०० अंशांमध्ये ती रेंगाळली की वर पांढरट, खरखरीत साय धरते. हा टप्पा झपाट्याने ओलांडून ८००-८३० ला जोडावं लागतं. कुणी बोरॅक्सचं पाणीही फवारतात. रंगही हिरवा, तपकिरी आणि पांढरा (म्हणजे बिनरंगी, पारदर्शक), एवढेच.

त्यावरचा तोडगा जुन्या नाशकातच आहे. तांबट लेनच्या या शहरात तांब्याचा पातळ पत्रा मिळवणं अवघड नाही, आणि तो एकाच बाटलीच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवला की हवा लागेल तसा लालसर किंवा निळसर-हिरवा उतरतो. तांबं काचेच्या जवळपास दुप्पट प्रसरतं, तरीही काच तडकत नाही, कारण कागदासारखा पातळ पत्रा ताण स्वतःवर घेतो आणि वाकतो. जाड पत्रा घातला तर मात्र तडा ठरलेला.