फुप्फुसाच्या पेशी आणि ‘पर्याय’ या शब्दाचा गुंता

१९७२ मध्ये एका ५८ वर्षांच्या पुरुषाच्या फुप्फुसातील कर्करोगाच्या गाठीतून ‘ए५४९’ या पेशी वेगळ्या काढल्या गेल्या. श्वासावाटे शरीरात जाणारे पदार्थ किती विषारी आहेत हे प्राण्यांऐवजी पेशींवर तपासायला विषशास्त्राच्या प्रयोगशाळांत त्या आजही सर्रास वापरल्या जातात. त्या वाढतात पोषक द्रवात बुडून, फुप्फुसाची पेशी मात्र एका अंगाने हवेला भिडलेली असते. धूळ द्रवात कालवून पेशींवर ओतली की कण एकमेकांना चिकटतात, आणि पेशीपर्यंत नेमकी किती मात्रा पोचली हे सांगणे अवघड होते.

१९८०च्या दशकात सच्छिद्र पडद्यावर पेशी वाढवून वरचा द्रव काढून टाकण्याची पद्धत रुळू लागली. खालून पोषण, वर हवा. श्वासनलिकेच्या पेशी अशा वाढवल्या की काही आठवड्यांत त्यांच्यावरचे रोम हलू लागतात, श्लेष्मा पाझरतो. २०१० मध्ये तर श्वासासारखी ताणली जाणारी ‘चिपवरची फुप्फुसे’, म्हणजे पेशी वाढवलेली छोटी उपकरणे, आली.

खरा गुंता ‘पर्याय’ या शब्दात आहे. आपण पर्याय म्हणतो तेव्हा एकाच्या जागी दुसरे, असे समजतो. प्राणीप्रयोगांच्या चर्चेत मात्र या शब्दाखाली १९५९ मध्ये मांडलेली तिन्ही तत्त्वे येतात: प्राणी न वापरणे, कमी वापरणे आणि त्यांच्या यातना कमी करणे. म्हणून श्वासावाटे होणाऱ्या तीव्र विषबाधेसाठी २००९ मध्ये मान्य झालेली टप्प्याटप्प्याची चाचणीही पर्यायी ठरते. तिच्यात प्रत्येक टप्प्याला साधारण ३ नर आणि ३ मादी उंदीर लागतात, आणि मोजले जातात ते मृत्यूच. जुन्या चाचणीपेक्षा उंदीर कमी मरतात, हे मोलाचेच. पण याला आणि पेशींच्या चाचणीला एकच नाव दिल्याने कागदावरची प्रगती प्रत्यक्षाहून मोठी दिसते. शिवाय पेशी वाढवायला अनेकदा गायीच्या गर्भाचे रक्तद्रव वापरतात, ते या हिशेबात क्वचितच धरले जाते.

दुसरा पेच मोजपट्टीचा. नवी पद्धत विश्वासार्ह ठरवण्यासाठी तिचे निकाल उंदरांच्या जुन्या निकालांशी ताडून पाहिले जातात. उंदीर फक्त नाकाने श्वास घेतो, त्याच्या श्वासनलिकांच्या फांद्याही माणसापेक्षा वेगळ्या फुटतात. मग माणसाच्या पेशींनी उंदराशी जुळावे तरी का?

क्लोरोथॅलोनिल या बुरशीनाशकाच्या बाबतीत हा प्रश्न थेट ऐरणीवर आला. उंदरांवरच्या ९० दिवसांच्या चाचणीऐवजी मानवी श्वासमार्गाच्या पेशींवरचे निष्कर्ष आणि माणसाच्या श्वसनमार्गात थेंब कुठे बसतात याचे संगणकीय गणित, अशी जोड अमेरिकेत २०१८ मध्ये तज्ज्ञांच्या समितीपुढे मांडली गेली. त्या मांडणीत मोजपट्टी माणसाचीच होती.