समान छेदाची बेरीज: दोन ओळींच्या नियमामागची पार्श्वभूमी

बीजगणिताच्या पुस्तकात समान छेदाच्या अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी हा भाग फार तर अर्ध्या पानाचा. छेद सारखे असतील तर छेद तसाच ठेवायचा, अंशांची बेरीज किंवा वजाबाकी करायची, जमलं तर संक्षेप द्यायचा. साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत कुठल्याही शिकवणीत हे एका तासात उरकतं आणि फळ्यावर लगेच भिन्न छेदांची गणितं चढतात, कारण मार्क तिथे असतात. गंमत अशी की इतिहासात हा सोपा समजला जाणारा भागच बरीच शतकं अडून बसला होता. नियम कळायला कठीण नव्हता. उत्तर लिहायचं कसं आणि अक्षरांना तोच नियम लावायचा कसा, यावर घोडं अडलं होतं.

इजिप्तपासून सुरुवात करावी लागते. इ.स.पू. १५५०च्या सुमारास आहमोस नावाच्या लेखनिकाने नकलून काढलेला ऱ्हाइंड पपायरस आज उपलब्ध आहे. इजिप्तच्या लोकांकडे २/३ सोडला तर अंशस्थानी फक्त १ चाले. आता १/५ आणि १/५ यांची बेरीज करा. आपण २/५ लिहून मोकळे होतो. आहमोसला ती सोय नव्हती, तो लिहितो १/३ + १/१५. म्हणजे समान छेदाची बेरीज हेच तिथलं किचकट गणित! त्यासाठी पपायरसच्या सुरुवातीलाच ३ ते १०१ या विषम छेदांसाठी २ भागिले अमुक याचा तयार तक्ता दिला आहे. शेवटची नोंद पाहा: २/१०१ म्हणजे १/१०१ + १/२०२ + १/३०३ + १/६०६. पडताळून बघायचं असेल तर सगळ्यांचा छेद ६०६ करा, अंश येतो १२, आणि संक्षेप दिला की २/१०१. बरोबर आहे, पण हे उत्तर वापरून पुढचं गणित करायची वेळ कुणावर न येवो.

भारतात अंशस्थानी कुठलीही संख्या चालत होती. पेशावरजवळ १८८१ मध्ये सापडलेल्या बक्षाली हस्तलिखितात अंश वर आणि छेद खाली, अशीच मांडणी दिसते, फक्त मधली आडवी रेघ नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. आपला कृष्णाकाठही तेव्हा राष्ट्रकूटांच्याच अमलाखाली होता. भिन्न छेद सारखे करण्यासाठी त्यांनी लसावि वापरला, त्याला ते ‘निरुद्ध’ म्हणतात.

नियम सर्वांत नेटका सापडतो तो भास्कराचार्यांकडे. जन्म १११४, ‘लीलावती’ ११५०ची. तिथे सगळा नियम श्लोकाच्या एका चरणात आहे: ‘योगोऽन्तरं तुल्यहरांशकानाम्’. हर म्हणजे छेद; हर सारखे असलेल्या अंशांची बेरीज किंवा वजाबाकी, बस्स. पुढच्या चरणात सांगतात, ज्या राशीला हर नाही तिचा हर १ धरा. लगेच उदाहरण: मित्रा, १/५, १/४, १/३, १/२ आणि १/६ एकत्र करून सांग, आणि ती बेरीज तिनातून वजा केली तर उरतं किती? सगळ्यांचा छेद ६० केला की अंश होतात १२, १५, २०, ३० आणि १०, एकूण ८७. म्हणजे २९/२०, आणि उरतात ३१/२०. हे गणित आजही सहावीच्या फळ्यावर जसंच्या तसं चालेल.

आता त्यांचंच ‘बीजगणित’ उघडा. अव्यक्त म्हणजे अज्ञात राशींच्या बेरजेचा नियम पुन्हा त्याच शब्दाने सुरू होतो: ‘योगोऽन्तरं तेषु समानजात्योः’. एका जातीच्या राशी एकमेकींत मिळवा, वेगळ्या जातीच्या वेगळ्या मांडून ठेवा. अज्ञातांची नावं आद्याक्षरांनी लिहायची: पहिल्या अज्ञाताला, ‘यावत्तावत्’ला, ‘या’, मग पुढच्यांना कालकाची ‘का’, नीलकाची ‘नी’, आणि नुसत्या संख्येसाठी ‘रू’. या ५ आणि या २ मिळून या ७. या ५ आणि रू ३ मात्र शेजारी शेजारी बसून राहतात. ऋण राशीच्या डोक्यावर टिंब. माझ्या मते हे दोन चरण एकाखाली एक लिहून शिकवले तर निम्मा धडा तिथेच संपतो. ३/७ आणि २/७ यांत ‘सप्तमांश’ ही जात आहे. छेदस्थानी (क्ष + २) असेल तर ‘क्ष अधिक दोनावा अंश’ ही जात. अंशस्थानी मग काहीही येवो, जात बदलत नाही. मुलांना छेदात अक्षर दिसलं की धडकी भरते, पण बेरजेत छेदाला हातच लावायचा नसतो.

शाळेत न जाताही हा नियम आपल्याकडे अंगवळणी पडलेला होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे बारा पै. सातारा-सांगलीच्या खेड्यांत विहिरीतला हिस्सा अजूनही आण्यांत बोलला जातो: थोरल्याचे सहा आणे, धाकट्याचे चार, दोघांचे मिळून दहा. छेद सोळा आहे हे कुणी उच्चारतही नाही. पंतोजींच्या शाळेतल्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी याच व्यवहारासाठी होत्या. १ एप्रिल १९५७ला नवा पैसा आला आणि छेद एका रात्रीत शंभर झाला. पीक किती आलं याचा अंदाज सांगणाऱ्या आणेवारीची पैसेवारी झाली. माण-खटावसारख्या दुष्काळी तालुक्यांत आता ती पन्नास पैशांच्या आत येते की नाही यावर टंचाईची चर्चा होते.

लिहिण्याची आजची पद्धत बाहेरून आली, आणि तुकड्यातुकड्यांनी आली. आडवी रेघ बाराव्या शतकात मगरिबातल्या, म्हणजे वायव्य आफ्रिकेतल्या, अल-हस्सार या गणितीकडे दिसते, तिथून ती १२०२ मध्ये इटलीच्या फिबोनाचीच्या पुस्तकातून युरोपात पोचली. अधिक-उणे चिन्हं जर्मन गणिती विडमनच्या १४८९च्या व्यापारी हिशेबाच्या पुस्तकात छापली गेली, बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या गणितीने १५५७ला आणलं. १५९१मध्ये फ्रान्सच्या व्हिएतने ज्ञात संख्यांसाठीही अक्षरं वापरली, आणि १६३७मध्ये देकार्तने अज्ञातासाठी वर्णमालेतली शेवटची अक्षरं रूढ केली. आपल्याकडे ही मांडणी एकोणिसाव्या शतकात आली. मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी १८२०च्या दशकात हटनच्या इंग्रजी ग्रंथावरून मराठीत गणिताची पुस्तकं तयार केली. पुढे हे बीजगणित हायस्कुलांतून पसरलं, पण खेड्यातल्या पोरापर्यंत ते पोचायला आणखी बरीच वर्षं गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली ती १९१९ची.

अंश-छेदांमधल्या या आडव्या रेघेचं एक काम पुस्तकं नीट सांगत नाहीत. ती भागाकार दाखवते आणि कंसाचंही काम करते. हे गणित घ्या:

(५क्ष + ३)/(क्ष + २) − (२क्ष − ३)/(क्ष + २)

उभ्या मांडणीत अंशाभोवती कंस नसतो, रेघच असते. एका छेदावर आणताना रेघ एक होते आणि दुसऱ्या अंशाचा अदृश्य कंस निघून जातो. मग पोरं ५क्ष + ३ − २क्ष − ३ लिहितात, ३ ला ३ उडवतात आणि ३क्ष/(क्ष + २) असं देखणं पण चुकीचं उत्तर देतात. कंस घातला की अंश होतो ५क्ष + ३ − २क्ष + ३, म्हणजे ३क्ष + ६, म्हणजे ३(क्ष + २). उत्तर नुसतं ३. बेरजेत ही भानगड नाही, म्हणून बेरीज सगळ्यांची बरोबर येते आणि वजाबाकीत निम्मा वर्ग गारद.

उत्तर ३ आलं तरी प्रश्न मिटत नाही. क्ष = −२ घातलं तर दोन्ही अपूर्णांक −७/० होतात. एका छेदावर आणून वजा केलं तर ०/० उरतं, आणि ब्रह्मगुप्तांनी ६२८मध्ये शून्य भागिले शून्य हे शून्यच धरलं होतं. भास्कराचार्यांनी शून्य छेदाच्या राशीला ‘खहर’ म्हटलं, आणि तीत काही मिळवलं वा वजा केलं तरी ती बदलत नाही असं सांगितलं. त्या हिशेबाने इथलं उत्तर खहरच राहायला हवं. डोळे झाकून एकातून तेच वजा केलं तर ०, आणि वरच्या रीतीने ३. एका गणिताला तीन उत्तरं चालत नाहीत, म्हणून आज असं गणित देताना आधीच अट लिहितात: क्ष ≠ −२.